हार्ड डिस्क जोडताच लॅपटॉप क्रॅश? ‘फॉरमॅट’ दाबण्याआधी हे वाचा

एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावताच स्क्रीन निळी किंवा काळी होते आणि लॅपटॉप रीस्टार्ट होतो. घाबरून अनेक जण डिस्क फॉरमॅट करतात आणि वर्षानुवर्षांचे फोटो गमावून बसतात. प्रत्यक्षात दोष डिस्कचाच असतो असे नाही.

क्रॅश का होतो?
डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात चालतो. तिथे गंभीर चूक झाली, की डेटा बिघडू नये म्हणून विंडोज स्वतःच थांबते. 2016 मध्ये विंडोज 10 च्या ॲनिव्हर्सरी अपडेटनंतर किंडल जोडताच काही कॉम्प्युटर क्रॅश होत होते. किंडल ठणठणीत होते. मायक्रोसॉफ्टने नवे अपडेट देऊन दोष दूर केला.

विजेचा काय संबंध?
यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलीअँपिअर, तर 3.0 पोर्ट 900 मिलीअँपिअर वीज देतो. साध्या हबवर ती वाटली जाते आणि डिस्क मध्येच तुटते.

काय तपासाल?
• हब काढा, केबल बदला, दुसरा पोर्ट वापरा.
• डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. चालली, तर सर्वांत आधी डेटा कॉपी करा.
• क्रॅश फक्त पहिल्याच कॉम्प्युटरवर होत असेल, तर स्क्रीनवरील स्टॉप कोड टिपून घ्या. विंडोज आणि यूएसबी ड्रायव्हर अपडेट करा.
• ‘चेक डिस्क’ डेटा कॉपी झाल्यावरच चालवा.
• डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर ती लगेच काढा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.

लक्षात ठेवा
फोटो फक्त एक्स्टर्नल डिस्कवरच असतील, तर तो बॅकअप नव्हे. दुसरी प्रत हवीच.