वारसा हातांनीच टिकतो

वारशाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाला त्यामागील श्रमांची जाण असतेच असे नाही. जयपूरची ‘आराईश’ पद्धती हे त्याचे बोलके उदाहरण होय. चुनकळी पाण्यात विरवायची, तो चुना महिनोन्‌महिने मुरवायचा, संगमरवराची भुकटी मिसळून थरावर थर द्यायचे आणि अखेरचा थर ओला असतानाच त्यावर खनिज रंगांनी चित्र काढायचे. मग थापीने ठोकून, अकीकाने घोटून झिलई आणायची. चुना हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगड होतो आणि रंग त्यात कायमचा बांधला जातो. ओल सरण्यापूर्वी काम संपलेच पाहिजे. तेथे चुकीला क्षमा नाही.

ही विद्या केवळ ग्रंथांतून येत नाही, हे नंदलाल बोस यांनी ओळखले होते. १९२७च्या सुमारास त्यांनी जयपूरचे कारागीर नरसिंगलाल यांना शांतिनिकेतनात पाचारण केले. कलाभवनात एक मिस्त्री गुरुस्थानी आला! पुढे १९४७मध्ये विनोदबिहारी मुखर्जी यांनी तेथील हिंदी भवनात मध्ययुगीन संतांचे विशाल चित्र ओल्या गिलाव्यावर साकारले. एक डोळा जन्मतः निकामी, दुसरा अधू. तरीही संतपरंपरेचा प्रवाह त्यांनी भिंतीवर उतरविला. राजस्थानात वनस्थळी विद्यापीठात देवकीनंदन शर्मा यांनी शिबिरांतून हीच परंपरा जोपासली.

आज अनेक ठिकाणी जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या मंदिरांच्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंट थापले जाते, चित्रांवर ऑइलपेंट फासला जातो. आक्रमकांनी काय मोडले, याची नोंद समाज ठेवतो. श्रद्धेपोटी स्वतःच्याच हातांनी काय पुसले, याची ठेवत नाही.

चुन्याचे काम खर्चिक व वेळखाऊ आहे, हा आक्षेप खोटा नाही. परंतु सिमेंट जुन्या भिंतीतील ओल कोंडते, क्षार फुलतात, गिलावा सुटतो आणि खर्च पुन्हा करावाच लागतो. पैशापेक्षा खरी उणीव हातांची आहे. अजिंठ्याची थोरवी मुलांना सांगणाऱ्या किती घरांना आपल्या मुलाने गवंडीकाम शिकावे असे वाटते?

प्रत्येक देवस्थानाने जीर्णोद्धारापूर्वी चुन्याचा जाणकार कारागीर शोधावा, त्याच्या हाताखाली गावातील दोन तरुण सन्मानाने व वेतनावर ठेवावेत. व्याख्यानांनी अस्मिता जागते. भिंत मात्र शिकलेल्या हातांनीच उभी राहते.