प्लग बदलण्याआधी

गाडी मिसिंग करतेय म्हटलं, की आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं : "नवीन प्लग टाका." प्लगने भागलं नाही तर कॉइल. कॉइलने नाही भागलं तर इंजेक्टर साफ करा. तरीही नाही? "साहेब, विकून टाका, टर्बो गाड्यांचं असंच असतं." मंडळी, टर्बो गाड्यांचं असं काही नसतं. आपण निदान करतच नाही, अंदाजपंचे पार्ट बदलतो आणि बिल आल्यावर टर्बोला शिव्या घालतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा प्रपंच आत्ताच कशाला? तर २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आणि इकोस्पोर्ट इकोबूस्ट आपल्याकडे आल्या आणि छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनाची हौस पगारदारांच्या आवाक्यात आली. त्या काळातल्या गाड्या आता बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात आणि आमच्या ऑफिसातली पोरं लंच टाइममध्ये त्याच बघत बसलेली असतात.

आधी दोन शब्दांचा घोळ मिटवू. मिसफायर म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण पेटलंच नाही किंवा अर्धवट पेटलं. गाडी झटके देते, सिग्नलला थरथरते. डेटोनेशन म्हणजे आपलं नॉकिंग, ते वेगळंच प्रकरण. स्पार्कने लावलेली आग पसरत असताना कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपणहून एकदम भडकतं. वरच्या गिअरमध्ये चढावर अॅक्सिलरेटर दाबल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो ना, तोच.

टर्बोमुळे दोन्हीची शक्यता वाढते. दाब वाढला की स्पार्कला प्लगची गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून थकलेली कॉइल गावात नीट चालते आणि खंबाटकीच्या चढावर मान टाकते. आणि त्याच वाढलेल्या दाबाने नॉकिंगलाही आमंत्रण मिळतं.

खरी गोची पुढे आहे. नॉकिंगच्या हादऱ्यांनी प्लगचं चिनीमातीचं टोक तडकू शकतं, आणि मग तो सिलिंडर मिसिंग करायला लागतो. आपण प्लग बदलतो, गाडी एकदम मख्खन, सगळे खूश. मूळ रोग मात्र आत तसाच. तो पिस्टन खात राहतो.

माझ्या एका मित्राच्या २०१४ च्या गाडीचं हेच झालं. पी०३०३ कोड, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. एका गॅरेजने चारही प्लग बदलले, दोन महिन्यांनी तोच कोड आल्यावर चारही कॉइल. दुसऱ्या गॅरेजमधल्या काकांनी आधी तिसरा प्लग काढून भिंगाखाली धरला. टोक तडकलेलं आणि त्यावर अॅल्युमिनियमचे बारीक चकचकीत कण. म्हणजे पिस्टन झिजायला लागला होता! कारण निघालं बिघडलेला पीसीव्ही व्हॉल्व्ह. ऑइलची वाफ इनटेकमध्ये जात होती, आणि ऑइल मिसळलं की मिश्रणाची नॉकिंग सोसायची ताकद कमी होते. थोडक्यात निभावलं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे समजायला खरं तर सोपं जावं. कोड म्हणजे एरर मेसेज. प्रोग्रॅम कुठे पडला ते तो सांगतो, का पडला ते नाही. आणि डीबगिंगचा पहिला नियम : एका वेळी एकच गोष्ट बदला. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर लावा. कोड पी०३०१ झाला तर कॉइल खराब. नाही झाला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन टेस्ट. चारही कॉइल एकदम बदलल्या तर गाडी सुधारेलही कदाचित, पण कशाने सुधारली ते कुणालाच कळणार नाही.

सेन्सरवरही डोळे झाकून विश्वास नको. मिसफायर झाला की न वापरलेला ऑक्सिजन तसाच सायलेन्सरकडे जातो. ऑक्सिजन सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि स्कॅनरवर 'लीन' दिसतं. मग गळती शोधत बसा! नॉक सेन्सरचंही तसंच. तो खडखडाट ऐकतो, कॉम्प्युटर स्पार्क उशिरा देतो, आवाज थांबतो आणि पिकअप जातो. "गाडी जरा सुस्त झालीय" यामागे नॉकिंगही असू शकतं. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात कुठल्या सिलिंडरचा स्पार्क किती मागे घेतलाय ते बऱ्याच गाड्यांत दिसतं. बघायला वेळ मात्र द्यावा लागतो.

हल्ली सगळ्याचं खापर ई-२० पेट्रोलवर फुटतं. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतो, त्यामुळे नॉकिंगच्या बाबतीत ते उलट मदतच करतं. पण त्यात ऑक्सिजन असल्याने इंजिनाला थोडं जास्त इंधन लागतं, आणि जुन्या गाडीचे इंजेक्टर किंवा पंप आधीच थकले असतील तर तिथे अडचण येऊ शकते. म्हणजे पुन्हा तेच, तपासल्याशिवाय बोलू नये.

आता मुद्द्याचं. बग शोधण्यात गेलेले तास आपण क्लायंटला बिनदिक्कत लावतो. आणि मेकॅनिकने दोन तास नुसतं शोधलं, पार्ट काही बदलला नाही, तर विचारतो, "मग काम काय केलं?" त्याच्या दोन तासांचे पैसे द्यायला आपण तयार नसतो, पार्टचे निमूट देतो. मग तो पार्ट बदलणार नाही तर काय करणार? चूक एकट्या गॅरेजची नाही, आपणच ही सवय लावली आहे.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी झटके द्यायला लागली की आधी विचारा, "निदानाचे किती घ्याल?" चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर वेग कमी करा आणि दामटू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो खराब होतो. आणि काढलेले जुने प्लग सिलिंडरचा नंबर टाकून मागून घ्या. स्कॅनर सांगत नाही ते बरंच काही त्यांच्यावर दिसतं.