धने रुजतांना

सेवानिवृत्तीनंतर भंडाऱ्याजवळ तळ्याच्या पाळीखालीं जमिनीचा लहानसा तुकडा घेतला आणि या मार्गशीर्षांत आयुष्यांत प्रथमच धने पेरले. कोथिंबिरीस इकडे सांभार म्हणतात, संस्कृतांत कुस्तुम्बुरु. पाणिनीनें त्या शब्दासाठीं स्वतंत्र सूत्र रचलें, हें आम्हांस ठाऊक. पेरणी मात्र ठाऊक नव्हती. रोज दोन्ही वेळां पाणी घातलें. आठव्या दिवशींही कांहीं दिसेना, म्हणून अर्धा वाफा उकरला, तों पांढरे मोड तुटून हातीं आले! शेजारचे कोहळी शेतकरी म्हणाले, “गुरुजी, थंडींत सांभाराला पंधरा रोज तरी लागतात.” एका धन्यांत दोन बिया असतात; तो हलकेच रगडून, दुभंगून पेरावा. शिवाय हिवाळ्यांत ओल लवकर आटत नाहीं, जादा पाण्यानें मूळ कुजतें. उरलेल्या अर्ध्या वाफ्यास आम्ही हात लावलेला नाहीं. आज अकरावा दिवस.