बेंबीच्या देठापासून!

वयाच्या एकतिसाव्या वर्षी कराटेचा क्लास लावला की काय होतं? पांढरा बेल्ट मिळतो आणि ऑरेंज बेल्टवाली तिसरी-चौथीतली पोरं तुम्हाला ‘काका’ म्हणतात. तेही एक वेळ चालेल. पण त्या दिवशी माझं पहिलंच कुमिते होतं, म्हणजे समोरासमोरची लढत. समोरचा गडी माझ्याच वयाचा, माझ्याच वजनाचा. वेळ फक्त दीड मिनिट. चाळीस सेकंदांत माझे हात लाकडाचे झाले, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि गुडघ्यांवर हात टेकून मी उभा. पार वाट!

मला वाटलं, स्टॅमिना कमी पडला. पण मी तर रोज सकाळी चार किलोमीटर पळतो! तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेला एक चिरंजीव म्हणाला, ‘काका, तुम्ही श्वासच घेत नव्हता.’

सर हसले. ‘बरोबर बोलतोय तो. ठोसा येताना दिसला की तुम्ही श्वास कोंडता. मग छातीच्या वरच्या भागातून धापा टाकता. खांदे कानाला लागतात. असे खांदे घेऊन कोण लढणार?’

आता यामागचा फंडा बघा. फुप्फुसांच्या खाली घुमटासारखा एक स्नायू असतो, डायफ्राम, म्हणजे आपलं श्वासपटल. श्वास घेताना ते आकुंचन पावून खाली सरकतं, आतल्या अवयवांना दाबतं आणि म्हणून पोट पुढे येतं. हवा पोटात जात नाही, जाते फुप्फुसांतच. पण आपण काय करतो? फोटोत बरं दिसावं म्हणून दिवसभर पोट आत ओढून बसतो. मग श्वासपटलाला खाली यायला जागाच उरत नाही आणि त्याचं काम मान आणि खांद्यांचे स्नायू करायला लागतात. ते बिचारे लवकर थकतात. वर भराभर धापा टाकल्या की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि गरगरायला लागतं. माझे काजवे बहुधा तिथलेच!

कराटेवाल्यांना हे फार आधी कळलं होतं. ओकिनावाच्या नाहा गावचे चोजुन मियागी (१८८८-१९५३) यांनी आपल्या शैलीला ‘गोजू-र्‍यू’ नाव दिलं. गो म्हणजे कठीण, जू म्हणजे मऊ. या शैलीचा पाया म्हणजे ‘सांचिन’ हा काता. पाहायला गेलात तर बोअर व्हाल. पाय किंचित आत वळवलेले, मोजकी पावलं, संथ ठोसे. सगळी गंमत आहे श्वासात. नाकाने घ्यायचा, बेंबीखाली उतरवायचा आणि पोट आवळत सावकाश सोडायचा. बेंबीखालच्या त्या जागेला जपानीत ‘तांदेन’ म्हणतात. आणि ठोशाबरोबरची ती ‘कियाई’ची आरोळी? आपली आजी ज्याला बेंबीच्या देठापासून ओरडणं म्हणते, तेच! श्वास जोरात सुटताना पोटाचे स्नायू घट्ट होतात, धड स्थिर होतं आणि ठोशाला आधार मिळतो.

सरांची आयडिया एकदम सोपी होती. कराटेच्या बेल्टची गाठ बेंबीखालीच येते. ‘श्वास घेताना त्या गाठीला आतून ढकला. बेल्ट घट्ट वाटला पाहिजे.’ बास!

घरी ट्राय करायचं असेल तर पाठीवर झोपा. एक हात छातीवर, एक बेंबीवर. चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या. बेंबीवरचा हात वर यायला हवा, छातीवरचा जवळपास जागच्या जागी. सहा आकडे मोजत सोडा. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके जरा संथ होतात, म्हणून अप्रेझलच्या मीटिंगआधीही हे जाम उपयोगी पडतं. रोज पाच मिनिटं पुरे. गरगरलं तर थांबा. झोपून जमलं की बसून करा, मग उभं राहून, मग ठोसे मारताना. प्रत्येक ठोशाला छोटा उच्छ्वास, पण सगळी हवा रिकामी करू नका. रिकाम्या छातीवर फटका बसला तर कळेल का ते!

आणि एक गोष्ट सीरियसली घ्या. बीपीचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर श्वास कोंडून जोर लावणं आणि सांचिनचे आवळून केलेले श्वास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. साधा, सैल श्वास वेगळा आणि हा वेगळा.

आणि हो, पोटाने श्वास घेतला म्हणून कुणी ब्रूस ली होत नाही. पळणं, दोरीच्या उड्या, घाम, सगळं लागतंच. फक्त असलेला स्टॅमिना आपण फुकट घालवत नाही.

सहा आठवड्यांनी परत कुमिते झालं. हरलोच. पण दीड मिनिट पूर्ण उभा राहिलो आणि शेवटचा पॉइंट माझा होता. बाहेर आलो तर चिरंजीव पाण्याची बाटली घेऊन हजर.

‘काका, आज तुमचं पोट दिसत होतं.’

आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य कॉम्प्लिमेंट म्हणून ऐकलं!