'जाऊ दे ना'ची किंमत

आईच्या साठीला कपबश्यांचा सेट ऑनलाइन मागवला. निळी फुलं, सहा कप, १,४०० रुपये. बॉक्स उघडला तर चार कप फुटलेले! आई म्हणाली, "आम्ही दुकानात टिचकी मारून, आवाज ऐकून घ्यायचो गं."

विक्रेत्याचा मेल आला : बॉक्स उघडल्यावर रिफंड नाही. आता न उघडता फुटलेलं कळणार कसं, बॉस? पण डोक्यावर डेडलाइन. म्हटलं, जाऊ दे ना. तेवढ्यात आईने उरलेल्या दोन कपांत चहा ओतला. "छान आहेत हं," म्हणाली. मला कसंतरीच झालं.

मग बसलेच. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात व्हायला हवं. फुटक्या कपांचे फोटो, बिल, ऑर्डर नंबर जोडून वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल टाकला. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. नवव्या दिवशी पैसे खात्यात!

आईला सांगितलं, तर म्हणते कशी, "आता दुकानात जाऊ. टिचकी मी मारते."