सूर्यप्रकाश आणि फायबरचा कारखाना

दंतवैद्य दातातील पोकळीत मऊ लगदा भरून त्यावर निळा प्रकाश धरतो आणि काही सेकंदांतच तो लगदा घट्ट होतो, हे आता पुष्कळांच्या परिचयाचे झाले आहे. परंतु याच तत्त्वावर होड्या, टाक्या आणि छपराचे पत्रे नुसत्या उन्हात घट्ट करता येतात, याचा विचार आपल्याकडे व्हावा तितका झालेला दिसत नाही. वास्तविक हे तत्त्व पुरातन म्हणावे असे आहे. फ्रान्समध्ये न्येप्स याने 1826-27 च्या सुमारास धातूच्या पत्र्यावर डांबराचा पातळ लेप देऊन खिडकीबाहेरचे दृश्य टिपले, तेव्हा ऊन लागलेले डांबर कठीण झाले व न लागलेले लव्हेंडरच्या तेलाने धुऊन गेले. छायाचित्रणाच्या त्या आरंभाला मी प्रकाशाने राळ, म्हणजेच रेझिन, घट्ट करण्याच्या विद्येचाही आरंभ मानतो.

फायबरच्या होड्या बांधणाऱ्या लहान कारखान्यात साच्यावर जेलकोट म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर दिला जातो, काचतंतूंची मॅट अंथरून तीत पॉलिएस्टर रेझिन मुरवले जाते आणि रोलर फिरवून आतील हवा काढली जाते. रेझिनमध्ये आधी घट्ट होण्याची क्रिया जलद करणारे कोबाल्ट व मागाहून हार्डनर मिसळावा लागतो. ही दोन द्रव्ये रेझिनमध्ये न मिसळता थेट एकत्र आली तर स्फोटाचा धोका असतो. शिवाय हार्डनर पडला की मुदत सुरू होते, ती बहुधा अर्ध्या तासाच्या आतबाहेरची, आणि एप्रिल-मेच्या उष्म्यात त्याहूनही तोकडी. काम रेंगाळले तर बादलीतले रेझिन तापून तिथेच गोठते आणि फेकून द्यावे लागते. प्रकाशसंवेदी रेझिन मात्र सावलीत पातळच राहते, कारागिराला सावकाश, नीटनेटके काम करू देते, आणि साचा उन्हात आणला की काही मिनिटांत घट्ट होते. उन्हामुळे होणाऱ्या विजेच्या बचतीपेक्षा ही नासाडीची बचत मला अधिक मोलाची वाटते.

प्रकाशाबरोबर उन्हाची उष्णताही कामी येते. इपॉक्सी या दुसऱ्या रेझिनचा भाग घट्ट झाल्यावर काळ्या आच्छादनाखाली तापवला तर त्याची उष्णता सोसण्याची शक्ती वाढते. ती शक्ती मर्यादितच असल्यामुळे अशा द्रव्याची ग्लायडर विमाने उन्हात फार तापू नयेत म्हणून पांढरी रंगवण्याचा प्रघात आहे. मात्र काचतंतूंऐवजी कार्बनतंतू घातले तर ते प्रकाश अडवतात, त्यामुळे प्रकाशाची ही रीत तेथे चालत नाही. जाड थरांच्या तळाशी किरण क्षीण होतात, आणि पावसाळ्यात तर सर्वच भरवसा ढगांवर. भूपृष्ठावर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेत रेझिन घट्ट करणाऱ्या अतिनील किरणांचा वाटा जेमतेम 5 टक्के असल्याने ‘ऊन दिसले म्हणजे काम झाले’ हा हिशेब येथे लागू पडत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, सरकारी खात्यांनी होड्या व टाक्यांच्या निविदांत या पद्धतीला मुभा द्यावी, परंतु प्रत्येक मालाबरोबर त्याच उन्हात, तितक्याच जाडीचा घट्ट केलेला नमुना मागवून त्याच्या काठिण्याची तपासणी सक्तीची करावी. आणखी एक अट मला तितकीच अगत्याची वाटते: एकदा घट्ट झालेले हे रेझिन, उन्हाने झालेले असो वा हार्डनरने, पुन्हा वितळत नाही, तेव्हा मोडीत निघालेल्या होड्यांचे सांगाडे किनाऱ्यावर टाकून न देता ते परत घेण्याची जबाबदारी कारखानदारावर, आणि त्यासाठी लागणाऱ्या खर्चाची तरतूद मूळ किमतीतच, करारनाम्यात नमूद असावी.