डोळ्यांना सवय होत नाही

आपल्या समाजातली आडनावे वाचली की धंद्यांची यादी वाचल्यासारखे वाटते. शिकलगार, आतार, बागवान, तांबोळी, मणियार, पिंजारी. आज शिकलगाराचा नातू शस्त्रांना धार लावत नाही. तो ग्रील बनवतो, ट्रॉलीचे तुटलेले चॅसिस जोडतो, शटर बसवतो. पिंजाऱ्याचा मुलगा गॅरेजमध्ये सायलेन्सरला टाका मारतो. सच्चर समितीने २००६ साली लिहून ठेवले की मुस्लिमांत पगारी नोकरी करणारे कमी आणि स्वतःच्या लहानसहान धंद्यावर जगणारे जास्त. गल्लीत राहणाऱ्याला हे कळायला अहवाल लागत नाही. घराच्या पुढच्या खोलीत किंवा अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग मशिन, मागे स्वयंपाकघर, वर झोपायची खोली. आपल्याकडे घर आणि कारखाना यांच्यामध्ये बऱ्याचदा फक्त एक पडदा असतो.

मी मिरजेत फॅब्रिकेशनचे काम करतो. धंदा आधी गल्लीत शिकलो, मग आयटीआयमध्ये. दोन्हीकडचे शिक्षण पाहिल्यावर माझे ठाम मत झाले आहे. आपल्या गल्लीत कारागिरी उत्तम शिकवली जाते आणि जिवंत, धडधाकट राहणे अजिबात शिकवले जात नाही. उलट बेफिकिरीलाच उस्तादी समजले जाते. या उस्तादीशी माझे भांडण आहे.

पहिले भांडण ‘आदत पड जाती है’ या वाक्याशी. नवा पोरगा डोळे चोळायला लागला की त्याला हेच ऐकवतात. उघड्या डोळ्यांनी टॅक मारणारा तो खरा कारागीर, स्क्रीन शोधत बसणारा कच्चा. हे धडधडीत खोटे आहे. आर्कमधून अतिनील किरण निघतात आणि डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा त्यांनी भाजतो. उन्हात पाठ भाजते तसाच. त्रास लगेच होत नाही, सहा ते बारा तासांनी होतो. म्हणून दिवसभर काही वाटत नाही आणि रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते, पाणी गळते, दिव्याकडे बघवत नाही. बहुतेक वेळा दिवस-दोन दिवसांत ते भरून येते, आणि त्यालाच आपण ‘सवय झाली’ म्हणतो. सवय कसली? जखम भरली, एवढेच. पुन्हा मारा झाला की पुन्हा जखम. वर्षानुवर्षे असे चालले तर मोतीबिंदूचा धोका वाढतो.

त्यावर घरोघरचे उपाय म्हणजे बटाट्याच्या चकत्या, कच्चे दूध, काही ठिकाणी पापण्यांवर टूथपेस्ट. भाजलेल्या बुबुळाजवळ न उकळलेले दूध नेणे म्हणजे जंतूंना आमंत्रण आहे. थंड पाण्याची घडी ठेवा, अंधाऱ्या खोलीत पडा, डोळे चोळू नका आणि डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. मेडिकलमधून बधिर करणारे थेंब आणून घालत राहू नका. त्याने दुखणे कळत नाही आणि जखम भरायची थांबते.

गॅस कटिंगचा काळा गॉगल आर्कला चालत नाही, उन्हाचा तर मुळीच नाही. गॅसच्या गॉगलची काच साधारण ५ नंबरपर्यंत असते. रॉडच्या वेल्डिंगला रोजच्या अँपिअरवर १० किंवा ११ नंबरची काच लागते. दारात उभी राहून ‘चमक’ बघणारी लहान मुले, चहा घेऊन येणारी बहीण किंवा बायको, या कुणाच्याच डोळ्यांपुढे काच नसते. कारागिराच्या काचेइतकाच महत्त्वाचा आहे दारावरचा जाड ताडपत्रीचा पडदा.

दुसरे भांडण दूध-गुळाशी. जी.आय. पाइपवर दिवसभर काम केले की संध्याकाळी अंगात कणकण येते, थंडी वाजते, तोंडाला लोखंडासारखी चव येते. उस्ताद म्हणतो, ‘गूळ खा, दूध पी, उतर जाएगा.’ दुसऱ्या दिवशी उतरते, पण दुधाने नाही. पाइपवरच्या जस्ताच्या मुलाम्याचा धूर छातीत गेल्याने आलेला तो ताप होता आणि तो आपोआप उतरणारच होता. दूध पोटात जाते, धूर फुप्फुसात. या दोन वाटा वेगळ्या आहेत, एवढे तर कुर्बानीचा बकरा सोलताना पाहिलेल्या कुणालाही माहीत असते.

आणि प्रश्न तापापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. तंबाखूचा धूर याच गटात आहे. दोन्हींचा धोका सारखाच आहे असा याचा अर्थ नाही; पुरावा तितकाच पक्का आहे, असा आहे. स्टेनलेस स्टीलचा धूर साध्या लोखंडापेक्षा वाईट, कारण त्यात क्रोमियम आणि निकेल असते. आपण मुलांना ‘तंबाखू खाऊ नका’ म्हणून व्याख्याने देतो आणि त्याच मुलांना बंद शटरच्या आत स्टीलच्या रेलिंगवर बसवतो.

यावर करायचे काय? जोडाच्या दोन्ही बाजूंचा मुलामा आणि रंग आधी घासून काढा. धूर तोंडाकडे येणार नाही अशा बाजूला बसा. पंखा असा लावा की धूर रस्त्याकडे जाईल. आज बहुतेक शेडमध्ये तो धूर थेट स्वयंपाकघरात ढकलत असतो. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडी अडवेल, धूर अडवणार नाही. निदान कोरोनात वापरला तो एन-९५ दर्जाचा मास्क लावा. आणि ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारलेल्या भागावर कधीही आर्क मारू नका. काही स्प्रेंत क्लोरीन असलेले द्रावक असते आणि आर्कने त्याचा फॉस्जीन बनू शकतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांना मारायला वापरला तोच हा वायू.

तिसरे भांडण एका शब्दाशी आहे. जॉबला लावतो त्या क्लॅम्पला आपण सगळे ‘अर्थिंग’ म्हणतो. ती अर्थिंग नव्हे. ती वीज मशिनकडे परत नेणारी वायर. खरी अर्थिंग म्हणजे मशिनच्या बॉडीपासून जमिनीतल्या खड्ड्यापर्यंत जाणारी वेगळी तार, आणि घरच्या शेडमध्ये बहुतेकदा तीच नसते. नाव एक असल्याने ‘अर्थिंग लावली आहे’ असे समाधान मात्र होते. हा क्लॅम्प घराच्या जिन्याला किंवा पाण्याच्या पाइपला लावू नका. जिथे टाका मारायचा तिथेच, जवळ लावा.

मशिन चालू असून रॉड टेकलेला नसतो तेव्हा होल्डरवर साधारण ५० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते विशेष जाणवत नाहीत. पावसाळ्यात, घामाने भिजलेल्या बनियनमध्ये, ओल्या फरशीवर गुडघे टेकून काम करणाऱ्याचा ते जीव घेऊ शकतात. शेडच्या बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. मशिनच्या बॉडीत २३० व्होल्टची गळती झाली तर तो क्षणात वीज तोडतो. पण होल्डरच्या बाजूचा झटका तो थांबवत नाही. तिथे कोरडे चामडी हातमोजे, रबरी तळाचे बूट आणि पायाखाली कोरडी फळी हाच उपाय. चप्पल घालून वेल्डिंग करणे बंद करा. ठिणगी बोटांत पडली की माणूस उडी मारतो, आणि उडी मारताना हात कुठे पडेल याचा भरवसा नसतो.

आता आग आणि स्फोट. मोटारसायकलची टाकी किंवा तेलाचा ड्रम ‘रिकामा आहे’ म्हणून टाका मारायला येतो. भरलेल्यापेक्षा रिकामा ड्रम जास्त वाईट, कारण त्यात पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. नीट धुऊन वाफ पूर्ण घालवायची सोय नसेल तर गिऱ्हाइकाला हात जोडून परत पाठवा. दोनशे रुपयांसाठी घर उडवायचे नसते. ऑक्सिजनच्या नळीने कपड्यांवरची धूळ उडवणे, घाम वाळवणे ही गल्लीतली आवडती चूष आहे. ऑक्सिजन मुरलेला कपडा एका ठिणगीने भडकतो. त्याच्या व्हॉल्व्हला आणि रेग्युलेटरला तेल-ग्रीस कधीच लावायचे नसते. सिलिंडर उभे, साखळीने बांधलेले हवेत. स्वयंपाकाचा सिलिंडर कटिंगला जोडणे बेकायदा तर आहेच, शिवाय घरच्या चुलीशेजारी ते काम करणे म्हणजे आगीलाच घरात बोलावणे आहे. ठिणग्या दहा मीटरपर्यंत जातात; तेवढ्यात गाद्या, पुठ्ठे, थिनरचे डबे नकोत. काम संपल्यावर निदान अर्धा तास कुणीतरी जागेवर लक्ष ठेवावे. दुकान बंद करायच्या वेळी मारलेला शेवटचा टाका सर्वांत धोक्याचा, कारण धुमसणारी चिंधी पेटते तेव्हा वरच्या खोलीत सगळे झोपलेले असतात.

ग्राइंडरचा गार्ड काढून फेकणाऱ्यांना एकच हिशेब सांगतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. सात इंची चकतीवर साधारण ८,५०० ची मर्यादा छापलेली असते. गार्ड काढून ती मोठी चकती बसवली तर ती केव्हा फुटेल एवढाच प्रश्न उरतो. आणि समोर असतो तो आपलाच चेहरा.

यावर तीन उत्तरे हमखास मिळतात.

पहिले: परवडत नाही. ऑटो-डार्क हेल्मेट दोन हजारांच्या आत मिळते, साधी हातातली स्क्रीन त्याच्या कितीतरी कमी पैशांत. डोळे सुजून दोन दिवस काम बुडाले की तेवढी मजुरी गेलीच. हातात पंधरा हजारांचा मोबाइल असताना ‘परवडत नाही’ म्हणणाऱ्या तरुणाचे मला पटत नाही. ज्याला खरोखर परवडत नाही त्याच्यासाठी चार दुकानांनी मिळून एक आरसीसीबी, एक हेल्मेट घ्यावे. लग्नाच्या वरातीला वर्गणी जमते, याला का जमू नये?

दुसरे: हे मोठ्या कंपन्यांचे नियम, आमच्याकडे कोण इन्स्पेक्टर येतो? खरे आहे, कुणी येत नाही. १९४८ चा कारखाने कायदा मुळात वीज वापरणाऱ्या आणि १० कामगार असलेल्या जागेला लागू होता. २०२० च्या नव्या संहितेत तो आकडा २० झाला. चार पोरांचे शेड तेव्हाही बाहेर होते, आता तर आणखी बाहेर. सरकारने लहान धंद्यांना वाऱ्यावर सोडले आहे, याबद्दल आपण आवाज उठवलाच पाहिजे. पण इन्स्पेक्टर येत नाही म्हणून ठिणगी तुम्हाला सोडून देत नाही. जिथे कायदा आहे तिथे तरी आपण तो पाळतो का? २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे कोणत्याही धंद्यात बेकायदा आहे. घरच्या धंद्यात शाळेनंतर मदतीची मुभा आहे, पण धोक्याच्या कामाला नाही. ‘आपलाच भाचा आहे, शिकतोय’ ही पळवाट आता बंद करा. मामूजानचे प्रेम त्याच्या डोळ्यांपुढे काच म्हणून उभे राहत नाही.

तिसरे उत्तर सर्वांत जुने: नसीब में होगा तो होगा. हेच उस्ताद रात्री शटरला दोन कुलपे लावून घरी जातात. मशिन चोरीला जाणे नशिबावर सोडत नाहीत, मग पोराचा डोळा का सोडतात? कारण मशिन विकत आणलेले असते आणि पोरगा फुकट मिळालेला. हे कडू वाटेल, पण नशिबाच्या नावाखाली लपलेला हिशेब हाच आहे.

तरुण मित्रांनो, हे बदलणे तुमच्या हातात आहे, कारण शेडमध्ये आज तुम्ही आहात. बिनस्क्रीनचा टाका मारायला सांगितले तर नाही म्हणा. नम्रपणे म्हणा, पण म्हणा. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एका वर्षाचा आहे, तो करा. गल्लीतला हात आणि तिथले ज्ञान एकत्र आले तर तुमचा दर वाढेल. बँकेत जाऊन पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरा. वय १८ ते ७०, वर्षाला २० रुपये. अपघाती मृत्यूला दोन लाख, एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली तर एक लाख. एक लाखात डोळा परत येत नाही, म्हणून विमा हा शेवटचा उपाय समजा.

आणि उस्तादांना माझे जाहीर सांगणे आहे. तुमच्या हातातली कला मोठी आहे, तिच्यावर आमची घरे उभी आहेत. पण येत्या आठवड्यात शेडच्या दारावर पडदा लावा, ग्राइंडरचे गार्ड परत बसवा आणि प्रत्येक पोराच्या नावाची एक स्क्रीन भिंतीवर टांगा. हे करायचे नसेल तर निदान त्याच्या आईला बोलावून तिच्यासमोर म्हणा, की याच्या डोळ्यांना सवय होईल.